तासाबाहेर गेलेले व्याही

चिखलदऱ्याची थंडी, तिथली कॉफी आणि दरीवरचं धुकं यांबद्दल मी काहीही लिहिणार नाही, कारण मी तिथे पोचलेच नाही. पुण्याहून निघताना दोन स्वेटर, मफलर आणि लोकरीचे पायमोजे अशी जय्यत तयारी होती. ते सगळं अंगावर चढलं ते अकोल्याच्या एका दवाखान्याच्या व्हरांड्यात. परतल्यावर शेजारणीने विचारलं, "काय मग, सहल कशी झाली?" मी म्हटलं, "फार छान." ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, कारण खरा प्रकार तिला आधीच कळला होता. पण मी खोटं बोलत नव्हते. इतक्या हलक्या मनाने मी कुठल्याच सहलीहून परत आलेले नाही.

अमरावती

माझी मुलगी मुग्धा अमरावतीला दिली आहे. जावई प्रशांत वऱ्हाडातल्या शेतकरी घरातला, नोकरीपुरता शहरात राहणारा. त्याच्याशी बोलताना मला अजूनही दर दुसऱ्या वाक्याला वाटतं की हा माझ्यावर रागावला आहे. "आई, जेवत काहून नाही?" असं तो विचारतो तेव्हा ती विचारपूस असते, हे समजायला मला दोन दिवाळ्या लागल्या.

पोचले त्याच संध्याकाळी त्याने मला गिला वडा खायला नेलं. भिजलेला मऊ वडा, वर दही आणि त्यावर अशी काही लाल चटणी की पहिल्या घासाला कानातून वाफ निघावी. मी डोळे पुसत "मस्त आहे" म्हणत होते आणि मुग्धा हसत होती, एवढ्यात प्रशांतचा फोन वाजला. पलीकडे त्याची आई होती. माझ्या विहीणबाईंचा आवाज मुळातच खणखणीत, त्यामुळे फोन कानाला न लावताही मला सगळं ऐकू आलं. आबाजी कापूस भरताना गाडीवरून पडले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. अकोल्याला दवाखान्यात नेत होते.

आबाजी म्हणजे माझे व्याही. सत्तरी ओलांडलेले, काटक, बोलायला कमी. मला ते मनापासून आवडतात, कारण लग्नाच्या बैठकीत सगळे देण्याघेण्याचं बोलायला तोंड उघडत असताना ते म्हणाले होते, "पोरगी द्या, बास. बाकी आमच्या घरी हाये." चिखलदरा तिथेच संपला. आम्ही सकाळी गाडी काढली आणि अकोल्याच्या रस्त्याला लागलो.

मूर्तिजापूरच्या पुढे दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन पसरली होती. कुठे फुटलेला कापूस, कुठे माणसाच्या डोक्यावर गेलेली तूर, कुठे नुकता वर आलेला हरभरा. गाडीत सगळे गप्प होते, म्हणून मीच काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "काय सरळ ओळी आहेत रे!"

"ओळी नाही आई, तास," प्रशांत म्हणाला. "नांगराची नाहीतर पेरणीची ओळ म्हणजे तास. आमच्याकडे ज्याचा तास वाकडा, त्याची इज्जत गेली. रस्त्यानं जाणारा येणारा पाहतो आणि हंगामभर हसतो. आबाजींचा तास पाहायला लोक थांबतात." आमच्याकडे लोक दुसऱ्याच्या गाडीचं पार्किंग बघून हसतात, तसंच हे, असं माझ्या मनात आलं.

अकोला

ऑपरेशन उत्तम झालं. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला आणि तो जरा लवकरच टाकला. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आबाजी आमच्यातून निघून गेले. म्हणजे देहाने तिथेच होते, पलंगावर, पायाला पट्ट्या. पण डोळे भलतीकडेच. दोन्ही हातांनी चादरीचा काठ घट्ट धरला होता आणि ते बैलांना हाकत होते.

"हात्! हात्! तासावर चाल लेका! कुठी चालला?"

प्रशांतने खांदा धरला तर त्यांनी झटकून टाकला. नर्स आली तर तिला म्हणाले, "बाजूले व्हा, वाफसा जाऊन राह्यला." म्हणजे पेरणीजोगी ओल चालली होती. मी पुढे झाले तर माझ्याकडे पाहिलंच नाही. मग विहीणबाई पुढे आल्या. त्यांनी कपाळावर हात ठेवला. आबाजी क्षणभर थांबले, त्यांच्याकडे टक लावून पाहत राहिले आणि अगदी अदबीने म्हणाले, "बाई, तुमी कोनाच्या?"

विहीणबाईंचा हात तिथेच राहिला.

"उन्हात नका उभ्या राहू, बाई," आबाजी पुढे म्हणाले. "आमच्या घरचीले तेवढं पाठवा. चाड्यावर मूठ तिचीच पायजे."

चाडं म्हणजे तिफनीवरचं, पेरणीच्या अवजारावरचं, ते लाकडी वाडगं, ज्यात मुठीने बी सोडत सोडत चालायचं असतं. नवरा तिफन धरतो, बायको मूठ सोडते. या दोघांनी असे किती हंगाम काढले असतील कोण जाणे. मी विहीणबाईंना व्हरांड्यात आणलं आणि समजूत घालायला म्हटलं, "अहो, तुम्हालाच तर बोलावतायत ते!"

"तिले बोलावून राह्यले," त्या म्हणाल्या. "मले नाई."

या बाईला मी लग्नात सहाशे माणसांच्या पंगतीवर हुकूम चालवताना पाहिलं होतं. आता त्या बाकावर पदर गुंडाळून बसल्या होत्या आणि आवाज पार खाली गेला होता. हाड जोडलं जाईल हो, पण हे?

सकाळी डॉक्टर आल्या. तरुण, शांत मुलगी, बोलण्यावरून बहुतेक कोकणातली. तिने आबाजींना प्रश्न विचारले. आपण कुठे आहोत? "वावरात." साल कोणतं? उत्तर नाही. समोर उभ्या असलेल्या विहीणबाईंकडे बोट दाखवून, यांचं नाव काय? आबाजींनी मान वळवली आणि भिंतीकडे पाहत राहिले. डॉक्टरांनी काहीतरी टिपून घेतलं.

"डॉक्टर, तो प्रश्न धरू नका," प्रशांत घाईने म्हणाला. "ते आईचं नाव कधीच घेत नाहीत."

डॉक्टरांना हे पटायला वेळ लागला. आमच्याकडे बायका पूर्वी नवऱ्याचं नाव घेत नसत, पण इथल्या जुन्या माणसांत नवऱ्यालाही चारचौघांत बायकोच्या नावाची लाज. 'अवं', 'ऐकलं काय', फार झालं तर 'प्रशांतची माय'. एवढ्यावर अख्खा संसार झालेला. म्हणजे आली का पंचाईत! माणूस नाव विसरला म्हणून गप्प आहे, की रीत पाळतो म्हणून, हे ओळखायचं कसं? डॉक्टर हसल्या, प्रशांत हसला, मीही हसले. विहीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांना जे जाणून घ्यायचं होतं ते नेमकं त्या एका प्रश्नात होतं आणि तोच प्रश्न बाद झाला होता.

"याला डिलिरियम म्हणतात," डॉक्टर म्हणाल्या. "या वयात मोठ्या ऑपरेशननंतर होतं. वेड नव्हे. बहुतेक वेळा जातं. पण कधी जाईल आणि पूर्ण जाईल का, याची खात्री मी देणार नाही."

मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं. हा शब्द फळ्यावर कितीदा लिहिला असेल, 'वात, भ्रम' असा अर्थ सांगून पुढच्या शब्दाकडे वळले असेन. आता व्हरांड्यात बसल्या बसल्या मोबाइलवर शब्दकोश उघडला, निव्वळ सवयीने. काही माणसं अशा वेळी जप करतात, मी शब्द बघते. आणि तिथे जे वाचलं त्याने मी उठून उभीच राहिले. शब्द मूळचा लॅटिन. त्यांच्या भाषेत 'लीरा' म्हणजे शेतातला तास. नांगर धरलेला माणूस त्या तासाबाहेर गेला, की त्याला ते जे म्हणत, त्यातून हा शब्द झाला. इंग्रजांनी तो उचलला आणि दवाखान्यात आणून ठेवला. शेत तेवढं मागे राहिलं.

विहीणबाई नळावर डबा धूत होत्या. मला पाहून त्यांनीच विचारलं.

"ईनबाई, तुमाले विंग्रजी येते. खरं सांगा, ह्या रोगाचं नाव काय? लोक तं म्हनून राह्यले, याड लागलं."

मी सांगितलं. त्या ऐकता ऐकता थांबल्या. नळ वाहत राहिला.

"म्हंजे विंग्रजी रोगातबी नांगरच हाये?"

"हो. तास सोडून गेलेला माणूस. एवढाच अर्थ."

"मंग येवढं काय भ्याचं!" त्या म्हणाल्या आणि काल संध्याकाळपासून पहिल्यांदा तो आवाज जरा वर चढला. "बैल तास सोडत नाई काय? लय येळा सोडते. त्याले मारत नाई, मारला का आनखीन बिथरते. उभा करा लागते. पाठीवर हात ठेवा लागते. वयखीचा आवाज द्या लागते. अन् भवताल गोंगाट नाई पायजे. मंग येते तो वापस."

डॉक्टरांनी दिलेल्या सूचना माझ्या पर्समध्ये होत्या. चष्मा लावा, कानाचं यंत्र लावा, एकच ओळखीचं माणूस जवळ ठेवा, हळू बोला, वाद घालू नका, गर्दी टाळा. दोन्हींत मला फारसा फरक दिसला नाही.

फक्त शेवटच्या कलमाशी घोडं अडलं. गर्दी टाळा!

खोलीचं दार

वऱ्हाडात माणूस दवाखान्यात आहे म्हटल्यावर भेटायला जावंच लागतं. न जाणं म्हणजे भांडण झाल्याची खूण. बार्शीटाकळीचे सोयरे आले, गावातले भाऊबंद जीप भरून आले. प्रत्येक जण पलंगाशी वाकून मोठ्याने विचारी, "आबाजी, वयखलं काय मले?" आणि आबाजी तितक्याच मोठ्याने बैलांना हाक घालीत. प्रत्येक फेरीनंतर ते जास्तच लांब जात.

"पन आल्या मानसाले जा म्हनाचं कसं?" विहीणबाई हताश होऊन म्हणाल्या. प्रशांतने मान खाली घातली. त्यालाही ते शक्य नव्हतं. मग दोघांनी एकदमच माझ्याकडे पाहिलं.

"तुमी पुन्याच्या," विहीणबाई म्हणाल्या. "तुमाले जमते."

आमच्या शहराची कीर्ती मला ठाऊक होती, पण ती अशी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. मी दारात खुर्ची टाकली, मफलर गुंडाळला आणि कामाला लागले. खरं सांगते, पहिल्या दिवशी मला मजाही आली. "भेटायची वेळ?" "वेळ नाही." "मंग कवा येऊ?" "घरी आल्यावर." "पाच मिंटं." "नाही." केळी ठेवून घेत होते आणि माणसं परत पाठवत होते. एक बाई जाता जाता मुग्धाला म्हणाली, "तुही माय पोलिसात व्हती काय वं?"

अडचण झाली ती नानांची. नाना म्हणजे आबाजींचे आतेभाऊ, हिवरखेडचे, वयाने त्यांच्याच बरोबरीचे. काठी टेकत एस.टी.ने आले.

"फकस्त तोंड पायतो."

"आत्ता नाही, नाना."

"बरं," ते म्हणाले आणि भिंतीला टेकून खाली फरशीवर बसले. "मंग मी अठीच बसतो. मी काई आत जात नाई."

आणि बसलेच की! संध्याकाळच्या गाडीने गेले, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. येताना घरून भाकरी आणि सोल्यांची भाजी, म्हणजे तुरीच्या कोवळ्या दाण्यांची. डबा उघडून आधी माझ्यासमोर धरला. ज्या बाईने दार अडवलंय तिलाच जेवू घालायचं, हे माझ्या शहरात बसत नाही. मी जेवले. भाजी इतकी चवदार होती की मला स्वतःचाच राग आला.

आत विहीणबाई पलंगाजवळ बसून असत. एक हात आबाजींच्या पाठीवर. सांगायच्या ते एवढंच, पुन्हा पुन्हा, सावकाश. "आता सकाय झाली. हे अकोला हाये. पाय मोडला व्हता, जोडला. बैल गोठ्यात बांधले. पेरनी झाली हो, चांगली झाली." कधी आबाजी शांत झोपत. कधी एकदम उठायला बघत. एका संध्याकाळी त्यांनी हाताची सुई उपटून काढली, रक्त आलं, आणि विहीणबाईंना म्हणाले, "बाई, तुमी जा आता तुमच्या घरी. लोक काय म्हनतीन?"

त्या बाहेर आल्या आणि मग मात्र रडल्या. "परक्या बाईशी बोलते तसे बोलतात हो माह्याशी. किती मान देऊन! शिवी दिली असती तं बरं वाटलं असतं." नाना उठले आणि खालून आम्हा दोघींसाठी चहा घेऊन आले.

त्यानंतर आबाजींना सलग, शांत झोप लागली. सकाळी ऊन खिडकीतून आत आलं होतं. नाना नेहमीप्रमाणे आले आणि मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "नाना, आज नको." एवढ्यात आतून आवाज आला. अशक्त, पण सरळ.

"कोन हाय भाईर? नाना हाय काय?"

मी खुर्चीतून अर्धी उठले.

"येऊ द्या ना त्याले! चहा पाजल्याबिगर मानूस वापस लावून राह्यले, हे काय पुनं हाये?"

माझ्या शहराचा इतका उघड अपमान ऐकून मला इतका आनंद कधी झाला नव्हता. मी खुर्ची उचलून बाजूला केली. नाना आत गेले, पलंगाशी उभे राहिले आणि नुसते काठी आपटत राहिले. प्रशांत रडत होता, मुग्धा रडत होती, मीही रडत होते. डॉक्टरांनी प्रश्न विचारले. कुठे आहोत? "अकोल्याले." काय झालं? "पडलो. माह्याच चुकीनं." आणि या बाईंचं नाव? आबाजींनी भिंतीकडे मान वळवली. डॉक्टर हसून म्हणाल्या, "राहू द्या, पास!"

विहीणबाईही हसल्या, पण ते हसू ओठांपर्यंतच आलं. आबाजी त्यांना आता 'अवं' म्हणत होते, पाणी मागत होते, पूर्वीसारखेच. पण त्या मधूनच त्यांच्याकडे अशा बघत, की परकी समजून तर पाणी मागत नाहीत ना?

गावी

पातूरच्या अलीकडे फाट्यावरून आत गेलं की त्यांचं गाव. पातूरची लेणी पाहायचं माझ्या मनात होतं, तेही राहिलं. विहीणबाईंनी मारुतीला रोडग्यांचा नवस बोलला होता. वावरातच गोवऱ्यांचा हार, म्हणजे रचलेला ढीग, पेटला. कणकेचे जाड गोळे त्या निखाऱ्यांत भाजायचे, राख झटकून फोडायचे आणि त्यावर तूप ओतायचं. सोबत भरपूर रश्श्याची वांग्याची भाजी. आमच्याकडे वांग्यात गूळ घालतात असं मी सांगितलं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे करुणेने पाहिलं.

मी दारातून परत पाठवलेला एकूण एक माणूस जेवायला आला होता. "पुन्याच्या बाई, आता तं येऊ देता ना?" असं प्रत्येकाने विचारून घेतलं. मी प्रत्येकाला "आत्ता येऊ शकता, पाचच मिनिटं" म्हणाले आणि नाना दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसले.

आबाजी बाभळीखाली बाजेवर बसले होते. वॉकर शेजारी. त्यांनी मला हाताने जवळ बोलावलं.

"ईनबाई, तुमी मास्तरीन. घरचे मले सांगत नाई. मी तठी काय काय बोललो?"

"पेरत होतात तुम्ही."

"ते मले याद हाये," ते म्हणाले. "तास काई केल्या सरय येत नोता. बैल वढून नेत व्हते. अन् धुऱ्यावर, तुमच्या बांधावर, एक बाई उभी व्हती, सारखी आवाज देत व्हती. मले वाटे, कोनाची असंन ही? येवढ्या उन्हात कोनासाठी उभी हाये?" त्यांनी गोवऱ्यांच्या हाराशी बसलेल्या विहीणबाईंकडे बोट केलं. "ती हीच व्हती काय?"

मी हो म्हटलं.

"मी काय म्हनलो तिले?"

सांगू की नको, असं मला वाटलं. पण त्यांनी मला मास्तरीण म्हणून विचारलं होतं. मी सांगितलं. बाई तुमी कोनाच्या, हेही आणि लोक काय म्हणतील, हेही.

आबाजींनी आपल्या हातांकडे पाहिलं. समोर पंगत मांडली होती, गावचे भाऊबंद, सोयरे, लेकी-सुना, सगळे. मग त्यांनी मान वर केली आणि गोवऱ्यांच्या हाराकडे पाहून मोठ्याने हाक मारली.

"इंदूऽ!"

पंगतीतले घास हातातच राहिले. नानांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. प्रशांतच्या चेहऱ्यावरून कळत होतं की आपल्या बापाच्या तोंडून हे नाव तो जन्मात पहिल्यांदा ऐकत होता.

विहीणबाई धुरातून उठून आल्या. कोपरापर्यंत राख.

"काय झालं? कोनाले आवाज देऊन राह्यले?"

"तुले," आबाजी म्हणाले. "इंदू तूच ना?"

त्यांनी आधी पंगतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग नवऱ्याकडे. "हाव," त्या म्हणाल्या, "मीच," आणि राखेच्या हातांनीच पदर डोळ्यांना लावून बाजेवर त्यांच्या शेजारी बसल्या.